तरंगत्या घराचा तळ

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाता खाता कुणीतरी हमखास म्हणतं, "इथं पाण्यावर एक घर असतं तर!" भोसरीत पत्रा कापण्यात आणि जोडण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्याला मग गप्प बसवत नाही. बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या लोखंडी मालवाहू नावेवर, घर बांधता येतं, त्यात वर्षानुवर्षं राहताही येतं. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत अशी दोन हजारांवर घरं आहेत. पण खडकवासल्यात नको. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर म्हणजे पुण्याचं पिण्याचं पाणी. तिथं कुणी संडास-मोरीसकट राहायला निघालं, तर विरोधाचा पहिला अर्ज माझा असेल. शिवाय सप्टेंबरात काठोकाठ भरलेलं धरण मे महिन्यात खाली जातं, काठाला मातीच्या पायऱ्या उघड्या पडतात. तेव्हा तुमचं घर उतारावर टेकलेलं असेल आणि ताटातली आमटी एका कडेला.

तेव्हा आपण कोकणातली एखादी शांत खाडी धरू. परवानग्यांचा विषय आज बाजूला ठेवतो, त्याला वेगळं भाषण लागेल.

पहिली गोष्ट वजन. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, आणि एक घनमीटर पाणी म्हणजे साधारण एक टन. समजा, बार्ज १५ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सपाट तळाचा आहे. मग दर साडेसातशे किलोला तो एक सेंटिमीटर खाली जाणार. आता आपली हौस बघा. साठ चौरस मीटरला कोटा फरशी हवी. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून सहा-सात टन, म्हणजे घर आठ-नऊ सेंटिमीटर बुडालं. त्यावर विटांचा ओटा, गच्चीवर हजार लिटरची टाकी! टाकी वर ठेवायची सवय इथं सोडायचीच. जड ते सगळं तळाशी: बॅटऱ्या, पाणी, मैल्याची टाकी. आणि टाकी अर्धी भरलेली असली की घर कललं रे कललं, पाणी त्याच बाजूला धावतं आणि कल आणखी वाढवतं. म्हणून टाकीत उभे पडदे घालतात. भिंती प्लायवूडच्या, जमीन लाकडी, छत हलकं. आरशाचं कपाट आणायच्या आधीसुद्धा वहीत वजन लिहायचं, आणि ते कुठल्या बाजूला ठेवलं तेही.

दुसरी गोष्ट गॅस. आपला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. जमिनीवरच्या घरात गळती झाली तर खिडक्या-दारं उघडतो आणि गॅस दाराबाहेर जायला वाट असते. बार्जचा तळ मात्र बंद डबा. गॅस खाली उतरतो, तळात साचतो, नाकाला वासही लागत नाही, आणि पाणी उपसायचा पंप आपोआप सुरू होताना एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर घरात नाहीच ठेवायचा. बाहेर डेकवर पेटी करायची, तिच्या तळाला भोक ठेवायचं, गळलेला गॅस थेट पाण्यावर पडेल असं. यात काटकसर करणाऱ्याचं जेवायचं आमंत्रण मी तरी घेणार नाही.

आणि मग गंज. लोखंड सगळ्यात जास्त गंजतं ते पाण्याच्या रेषेवर, जिथं पाणी आणि हवा दोन्ही आळीपाळीनं मिळतात. तळाला जस्ताचे ठोकळे वेल्ड करतात. खारं पाणी आधी जस्त खातं, पत्र्याला उशिरा हात लावतं. ठोकळा अर्धा झिजला की बदलायचा. गोड्या पाण्यात जस्त कुचकामी, तिथं मॅग्नेशियम लागतं. ठोकळ्यांवर मात्र रंग मारायचा नाही. उत्साही रंगारी हमखास मारतो, आणि मग ते नुसते लोंबकळतात. दर दोन-तीन वर्षांनी घर पाण्याबाहेर काढायचं, चिकटलेली कालवं-शिंपले खरवडायचे, नवा लेप द्यायचा. कोकणातले मच्छीमार उधाणाला होडी वर घेतात आणि ओहोटीत तिच्या तळाचं काम उरकतात. तेच तंत्र, फक्त जागा सपाट आणि बिनखडकाची हवी. एवढा खटाटोप नको असेल तर काँक्रीटची तरंगती टाकी करून तिच्यावर घर उभारतात. नेदरलँड्समध्ये नवी घरं बरीचशी तशीच होतात. गंजाची देखभाल कमी, पण वजन भारी, आणि तडा गेला तर डागडुजीला माणूस शोधत फिरा.

बहुतेक हौशी मंडळी नवा बार्ज बांधत नाहीत, भंगारात निघालेला घेतात. घ्या, पण वरचा रंग आणि खिडक्या बघायच्या आधी तळाच्या पत्र्याची जाडी मोजून घ्या. ध्वनिलहरींनी मोजणारं छोटं यंत्र मिळतं, चाकणच्या कारखान्यांतूनसुद्धा असतं. सहा मिलिमीटरचा पत्रा चारवर आला असेल तर वरून दुसरा पत्रा मारण्याचा खर्च किमतीतून वजा करा. त्या पत्र्याचंही वजन वहीत धरा. आणि मालक म्हणाला, "बाहेर कशाला काढायचा, पाण्यातच बघून घ्या," तर त्याचा चहा घ्या आणि परत पुण्याची गाडी पकडा.