कापलेली कार की कंपनीचा पिकअप?

इंजिनाचं शेवटी बोलू. आधी इंजिन बघायचं ना, असा मागच्या रांगेतून प्रश्न आलाच आहे म्हणून सांगतो, अ‍ॅम्बेसेडरचा किंवा फियाटचा जुना पिकअप हौसेने घ्यायला निघालेला माणूस पहिल्यांदा बॉनेट उघडायला लावतो आणि विकणाऱ्यालाही तेच हवं असतं. "चालू शे भाऊ, एक सेल्फमा चालू व्हस!" होत असेल. पण अ‍ॅम्बेसेडर २०१४ पर्यंत बनत होती. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) दिल्लीच्या मायापुरीत किंवा कोलकात्याच्या मलिक बाजारात शोधले तर मिळतात. सडलेला सांगाडा मात्र कुठून आणणार?

थोडं मागे जाऊ. कारच्या पुढच्या भागाला मागे माल भरायचा उघडा हौदा लावायची कल्पना ऑस्ट्रेलियातली. व्हिक्टोरियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं, की रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील अशी गाडी द्या. असं सांगतात. १९३४ मध्ये फोर्डने तशी गाडी काढली, लुईस बँट या तरुण आराखडाकाराने आखलेली. गरज आपल्या खानदेशातल्यासारखीच बघा. अमळनेरला लग्नाला जायचं आणि दुसऱ्या दिवशी बाजार समितीत कापूस न्यायचा. आपल्याकडे टाटांनी नेमकं उलटं केलं. १९८८ ला टाटामोबाइल हा पिकअप आधी आला आणि त्याच्यावरून पुढे १९९१ ला सिएरा निघाली. त्या पिकअपला खाली चासी, म्हणजे वेगळी लोखंडी चौकट आहे, म्हणून तो आजच्या विषयात बसत नाही.

आजचा विषय चासी नसलेल्या गाडीचा. अ‍ॅम्बेसेडर काय, फियाट काय, दोन्हींचा पत्राच सांगाड्याचं काम करतो. फरशी, दरवाज्याखालच्या पेट्या, खांब, छप्पर, सगळं मिळून वजन पेलतं. बुटाचं खोकं झाकण लावून पिळून बघा, मग झाकण काढून पिळा. छप्पर कापून मागे हौदा केला की गाडीचं तेच होतं. कंपन्यांना हे चांगलं ठाऊक होतं. इंग्लंडात मॉरिस मायनर कार बिनचासीची होती, पण १९५३ ला तिचा पिकअप आणि व्हॅन काढली तेव्हा कंपनीने खाली स्वतंत्र चासी दिली. आपल्या गावातल्या मिस्त्रीने कार कापताना खाली काय दिलं, ते वाकून बघितल्याशिवाय कळणार नाही. आपल्या भागात मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच गाड्या अशा कापलेल्याच आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही. काही मिस्त्र्यांनी खाली लोखंडी चॅनल टाकून इतकं नेटकं काम केलंय, की बघत राहावं.

बघायचं कसं? दोन्ही दरवाजे उघडा, लावा. मग मागचं एक चाक जॅकवर घ्या आणि दरवाजे परत उघडून लावा. आता दरवाजा अडकायला लागला, तर सांगाडा वाकतोय. केबिनची मागची भिंत हौद्याला मिळते त्या कोपऱ्यात बोट फिरवा, तडे तिथून सुरू होतात. खिशात लोहचुंबक ठेवा, पुट्टी असेल तिथे तो चिकटत नाही. आणि पाट्यांची पुढची टोकं जिथे फरशीला बसतात ती जागा अंगाखाली पोतं टाकून, पाठीवर झोपून बघाच. तिथे पत्र्याचा पापुद्रा निघाला तर मी चहा पिऊन घरी येतो. पाट्यांमध्ये एखादा जादा पाटा दिसला, तर गाडीने झेपेल त्याच्यापेक्षा जास्त वाहिलंय हे समजा.

आपल्या हवेचा एक फायदा आहे. मुंबई-कोकणातली गाडी खारी हवा खाऊन आलेली असते, आपली कोरड्या उन्हात उभी असते. रबर तडकतं, डॅशबोर्ड फाटतो, पण पत्रा टिकतो. मात्र हौद्यातून काय वाहिलं ते विचारा. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि आपण टाकतो ते बहुतेक पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. गोणी फाटली, दाणे हौद्याच्या सांध्यात गेले, पावसाळ्यात ओल लागली, की पत्रा आतून गंजतो. म्हणून रावेर-यावलच्या केळीवाल्याची चकचकीत गाडी आणि चोपड्याच्या कापूसवाल्याची रंग उडालेली गाडी समोर असेल, तर मी दुसरी आधी उलटीपालटी करून बघेन. हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या बिजागऱ्यांखाली आणि हौद्याच्या चारही कोपऱ्यांत स्क्रू-ड्रायव्हर टोचा. मालक रागावला तर रागावू द्या.

आता कागद. आरसी बुकात बॉडीच्या रकान्यात काय लिहिलंय? तिथे सलून, म्हणजे बंद कार, आणि समोर पिकअप असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. चासी नंबर पेन्सिलने कागदावर उतरवून बुकाशी जुळवा, बँकेचा बोजा उतरलाय का बघा. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल, तर २०२१ च्या नियमाने 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळू शकतो, दहा वर्षांसाठी फी वीस हजार. पण त्याला अट अशी, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. कापलेल्या कारवाल्याने ही आशा सोडावी.

इंजिनाला आता फक्त दोन वाक्यं. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं, म्हणून नळ्या आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा पहिल्याच दिवशी बदला. आणि मे महिन्यात जळगावात गाडी गरम होऊन बंद पडली, तर आधी इंजिनावरच्या त्याच पंपावर ओलं फडकं टाका, मग फिटरला फोन करा.

रंगाची घाई नको. पत्र्याचं काम करून गाडी नुसत्या प्रायमरवर पावसाळ्यात उभी केली, तर प्रायमर पाणी ओढतो आणि रंगाखाली गंज धरतो. दिवाळीनंतर काम काढा. हौद्याचे पोचे मात्र मी काढत नाही, ती गाडीची कमाई आहे.

आणि हो, दादा, माल वाहायचा का, हे तुम्ही विचारलंत. कंपनीने मागच्या बाजूला तीन माणसं आणि डिकीतलं सामान धरलं होतं, म्हणजे फार तर तीन क्विंटल. शेतातून भरिताची वांगी आणा, बैलांना चारा आणा. केळीच्या घडांनी भरून सावद्याच्या फेऱ्या मारायच्या असतील, तर सरळ छोटा हत्ती घ्या.