आमराई वाचवायची तर आधी काठी हवी

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी, वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. सतरंजीवर पुढे बसलेल्या पोरांनो, तुम्हालाही. बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय, ‘उंच झाडावरची फळं शिडीविना कशी उतरवावीत’. विषय मीच मागून घेतला. शेवटी या गावापुढे मला एक मागणी ठेवायची आहे. ती ऐकायला थांबा, मधेच उठून जाऊ नका.

आपल्या शिवारातली जुनी आंब्याची झाडं का गेली, हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं लोकांना विचारतो आहे. कोणी म्हणतं पाणी खोल गेलं, कोणी म्हणतं भावाभावांत वाटण्या झाल्या. दोन्ही खरं. पण खोदून विचारलं की बहुतेक घरांत तिसरंच कारण निघतं. उतरवायला माणूस मिळत नाही. झाड लदलेलं असतं, पाड लागतो, आंबा खाली पडून फुटतो, माकडं खातात, आणि मालकाच्या घरात टोपलीभर माल येत नाही. अशी चार वर्षं गेली की लाकूडवाला दारात उभा राहतो. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत आंबा आहे, चिंच आहे, मोह आणि जांभूळही आहे. परवानगीशिवाय तोडता येत नाही. पण ज्या झाडाचा घराला काही उपयोग उरला नाही, ते झाड कायद्याच्या आधारावर किती दिवस उभं राहणार? झाडाचं फळ घरात आलं पाहिजे. फळ घरात यायला लागलं की मालक स्वतःच कुऱ्हाडवाल्याला परत पाठवतो.

आमच्या लहानपणी आंबे उतरवायला एक काका यायचे. पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेला सुताची दोरी, दोरीला टोपली. त्यांचा वाटा ठरलेला असायचा, पाच टोपल्यांमागे एक. ते झाडाशी आले की आधी झाडाला पूर्ण वळसा घालायचे. कुठे आग्यामोहोळ आहे, कोणती फांदी वाळली आहे, कुठल्या बेचक्यात पाय बसेल, हे सगळं खालूनच ठरायचं. तोवर आम्हा पोरांना हूं की चूं करायची सोय नव्हती. मग ते वर जायचे, आणि वर गेल्यावरही हाताने फार थोडे आंबे तोडायचे. त्यांच्याकडे एक आखूड काठी होती, टोकाला लोखंडी कडं, कड्याला जाळी, वरच्या बाजूला विळ्याच्या पात्याचा तुकडा. जाड बेचक्यात बसून, एक हात झाडाला आणि एका हातात ती काठी, असे ते शेंड्याचे आंबे आणायचे. फांदीच्या टोकावर ते कधी गेले नाहीत. माझ्या वडिलांनी एकदा म्हटलं, ‘अहो, त्या टोकाला एवढा मोठा घड आहे, थोडं पुढे सरका ना.’ काका वरून म्हणाले, ‘पाटील, आंबा पडला त आंबाच गेला. मी पडलो त घर गेलं.’

हसू नका मंडळी, हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. आपल्या घरच्या किती जणांनी जांभळीवर चढून हातपाय मोडून घेतले, ते इथे बसलेल्या मायबहिणींना विचारा. जांभळीची फांदी वाकत नाही, सांगत नाही, काडकन जाते. शेवग्याची तशीच. त्या झाडांवर माणसाने चढूच नये, या मताचा मी आहे.

आता ते काका नाहीत. त्यांचा मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे, आणि तो झाडावर चढत नाही याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. त्याने चढू नये. पण काकांच्या हातातली ती काठी त्यांच्याबरोबर गेली, याचं मला फार वाईट वाटतं.

तिच्या जागी काय आलं, ते सांगतो. माझ्या पुतण्याने एका कृषी प्रदर्शनातून फळं तोडायची काठी आणली. नाव कोणाचं घेत नाही, पण पैसे चांगले मोजले होते. ॲल्युमिनियमच्या नळ्या एकीत एक सरकणाऱ्या, टोकाला लाल रंगाची पिशवी आणि तिच्या तोंडाशी बोटांसारखे आकडे. दुकानदाराने हवेत फिरवून दाखवली, सगळ्यांना आवडली. घरी आणून आंब्याखाली उभी केली. पूर्ण उघडली तरी आमच्या झाडाच्या पहिल्या फांदीपलीकडे जाईना. तेही असो. खरी गोम त्या आकड्यांत होती. ते आकडे फळाला पकडून ओढतात. पेरूला ते चालून जाईल. आंबा ओढून काढला की देठ फांदीला राहतो आणि फळाच्या तोंडातून चीक उडतो. तो चीक सालीवर ओघळला की साल भाजते, दोन दिवसांत काळे चट्टे पडतात, आणि ज्या जागेचा देठ उपटला तिथूनच सड सुरू होते. पुतण्याने टोपलीभर आंबे काढले, त्याच्या आईने आढी घातली, आणि आढी उघडली तर अर्धा माल गुरांपुढे टाकावा लागला. शेप्याचं झाड होतं ते! रसात बडीशेपेसारखा वास येतो, असा आंबा आता विकत मागूनही मिळत नाही. ज्याने ती काठी बनवली त्याने आंबा खाल्ला असेल, उतरवलेला नसावा. मला याचा राग आहे, आणि तो मी ठेवणार आहे. शेतकऱ्याच्या हातात वस्तू देताना ती कोणत्या झाडासाठी आहे, एवढं तरी सांगायला नको का?

आणि दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. ॲल्युमिनियम वीज वाहून नेतं. आपल्या बांधाबांधावरून अकरा केव्हीच्या तारा गेल्या आहेत, अनेक आंबे त्या तारांच्या अंगाला लागून आहेत. तिथे धातूची काठी उभी करणं म्हणजे मरण ओढवून घेणं आहे. बांबूवरही भरवसा ठेवू नका, ओला बांबू वीज नेतो. तार जवळ असेल तर लाइनमनला सांगून पुरवठा बंद करून घ्या, नाहीतर त्या बाजूचे आंबे पाखरांना सोडा.

तर काठी कशी हवी? कोकणात यावर काम झालं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘नूतन झेला’ म्हणून आंबा उतरवायचं साधन दिलं, तिकडे ते रुळलंही. त्यामागचं तत्त्व आमच्या काकांच्या काठीचंच आहे. फळाला ओढायचं नाही, देठ कापायचा. देठ पात्याच्या खाचेत अडकवायचा, काठीला खाली हलका हिसका द्यायचा, देठ कापला जातो, फळ जाळीत बसतं. चार बोटं देठ फळासोबत राहतो. मग खाली सावलीत तो देठ आखूड कापायचा आणि फळ देठाकडून खाली उपडं ठेवायचं, म्हणजे चीक सालीला न लागता गळून जातो.

आपल्या गावात हे करता येतं. कडं सळईचं, वीतभर रुंद, थोडं तिरकं वळवलेलं, म्हणजे फळाला बाजूने लागतं. पातं जुन्या विळ्याचं. जाळी सुती किंवा नायलॉनची, इतकी खोल की आंबा उसळून बाहेर पडू नये, आणि इतकी उथळ की त्यात तीनपेक्षा जास्त मावू नयेत. लोक इथेच चुकतात, मोठी जाळी लावतात, कारण फेऱ्या वाचतील असं वाटतं. पण हिशेब करून पाहा. पाच मीटरची काठी, खालचा हात बुडख्याशी आणि वरचा हात त्याच्यापासून मीटरभर वर. काठी तिरकी झाली की टोकाच्या एका किलोसाठी वरच्या हाताला पाच किलो उचलावे लागतात आणि खालच्या हाताला चार किलो खाली दाबावे लागतात. बांबूचं वजन वेगळंच. म्हणून टोक हलकं ठेवा, आणि फळाच्या जवळ जाऊन काठी जितकी उभी धरता येईल तितकी उभी धरा. मात्र अगदी खाली मान वर करून उभं राहू नका. दहा मीटरवरून सुटलेला आंबा जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. डोक्याला दुपट्टा बांधा, एक पाऊल बाजूला उभे राहा.

बांबू कोणता? आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडून मानवेल येतो, जाड भिंतीचा, चिवट. तीन वर्षांचा पक्का घ्या, कोवळा घेतला तर उन्हाळ्यात सुरकुततो आणि भुंगा लागतो. पावसाळा संपल्यावर तोडलेला असावा, सावलीत उभा करून वाळवलेला. बुडखा हातात, शेंडा वर. सांधा हवा असेल तर लोखंडी नळीचा तुकडा दोन्ही टोकांवर बसवा, तारेने बांधू नका, तार ढिली होते. आणि आता बांधावर बांबू लावायला घाबरू नका. वनाबाहेर लावलेला बांबू २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला आहे.

इथे संत्र्यावाले बसले आहेत, त्यांची चुळबुळ दिसते आहे. तुमच्यासाठी एक वाक्य, आणि ते मनापासून. संत्र्याला काठी लावू नका. नागपुरी संत्र्याची साल सैल, ओढलं की देठापाशी टोपी निघते, भोक पडतं, मंडीत जाईपर्यंत बुरशी. त्याला हात आणि कैचीच पाहिजे, आणि झाड छाटून हाताच्या टप्प्यात ठेवायला पाहिजे. काठी सगळ्या झाडांना लावायची हा आग्रह माझा नाही. जांभळाला चादर धरा, चौघांनी चार टोकं, आणि एकाने आकडीने फांदी हलवावी. चिंचेला बदडून चालतं, कवठाला आकडीने हिसका पुरतो. आवळ्याला बदडू नका, पुढच्या वर्षीच्या फळाची फांदी जाते. आणि चारोळी, तिच्यासाठी तर हात जोडतो. जंगलात चारोळीसाठी फांदीच्या फांदी तोडून खाली आणतात, चार फळं काढली की फांदी टाकून देतात. लांब दांड्याची आकडी आणि खाली पसरलेलं कापड असेल तर त्या फांदीला पुढल्या वर्षी पुन्हा फळ येतं.

आता ही चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली, म्हणतात. जी मागणी करायला मी आलो ती राहिलीच, म्हणून भरभर सांगतो.

इथून जवळच, वर्ध्याला मगनवाडी आहे. १९३४ मध्ये तिथे ग्रामोद्योग संघ सुरू झाला, गांधीजींचे सहकारी, अर्थतज्ज्ञ कुमारप्पांनी गावच्या हत्यारांवर काम केलं, १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडलं. चांगलं हत्यार गावातच घडावं, गावच्या माणसाने घडवावं, हे म्हणणारी माणसं आपल्या जिल्ह्यात होऊन गेली. मग आपल्या गावाकडे आंबे उतरवायची एकही नीट काठी नसावी, हे मला पटत नाही.

वाचनालय पुस्तकं देतं, तशाच काठ्याही द्याव्यात. एवढीच मागणी. तीन लांबीच्या: अडीच मीटरची बेचक्यात बसून वापरायला, चार मीटरची घराजवळच्या झाडांना, सहा मीटरची दोन तुकड्यांची. दोन मोठ्या जाड चादरी. दोन आकड्या. एक रजिस्टर. नेणाऱ्याने तारीख लिहायची, परत आणताना पातं मोडलं असेल तर सांगायचं, दंड नाही. अंगणात किंवा शेतात तार आहे का, हे देणाऱ्याने विचारायचं आणि लिहून ठेवायचं, त्याशिवाय काठी द्यायची नाही. मे महिन्यात मागणी एकदम येईल. पाड लागल्यापासून पहिल्या पावसापर्यंतच वेळ असतो, पाऊस पडला की फळमाशीची अळी फळात दिसू लागते आणि फांद्याही घसरड्या होतात. म्हणून गल्लीनिहाय दिवस ठरवावे लागतील. ज्यांच्याकडे उतरवायला माणूस नाही, विशेषतः एकट्या म्हाताऱ्या बाया, त्यांना आधी.

शेवटचं. ज्या झाडांची उंची पंधरा-वीस मीटर आहे, तिथे सहा मीटरची काठीही पुरत नाही, हे मला माहीत आहे. त्यांच्या मालकांनी झाड मुळापासून तोडू नये. हिवाळ्यात वरच्या फांद्या छाटून झाड बुटकं करता येतं, दोन-तीन वर्षांनी पुन्हा फळ येतं. लखनौच्या फळबाग संशोधन संस्थेने ही पद्धत जुन्या आमरायांवर वापरून दाखवली आहे. पण सगळ्या फांद्या एकाच वर्षी कापू नका, आणि कापलेल्या टोकाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. त्यावर वेगळं बोलू, मला पुन्हा बोलवा.

लोहाराशी मी बोललो आहे, सहा कडी करायला तो तयार आहे, मजुरी मी देतो. बांबू कोणाच्या बांधावर आहे आणि कोणता, ते मला सांगा. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे, जाताना प्रत्येकाने आपल्या झाडाचं नाव लिहा, शेप्या असो, खोबऱ्या असो, शेंदऱ्या असो, आणि अंदाजे उंची किती तेही लिहा. काठ्या किती मीटरच्या करायच्या, ते त्या वहीवरून ठरेल. धन्यवाद.