शिरूरला उतरायचंय

नमस्कार श्रोतेहो. 1 ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन आला की वृद्धाश्रमात फळवाटप होतं, भजन होतं, फोटो निघतात. 2 तारखेला पुन्हा भिंतीला लावलेल्या खुर्च्या आणि दिवसभर चालू टीव्ही.

मी दर गुरुवारी ज्या आश्रमात जाते, तिथे एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आजोबा आहेत. हाउजी नको, कॅरम नको, भजनही नको. एकदा विचारलं, "आजोबा, पहिली ड्यूटी कुठली?" तर ताठ बसले. "पुणे-नगर! एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला याच रस्त्यावर धावली." आणि उशाखालून रुमालात गुंडाळलेला पितळी बिल्ला काढला.

पुढच्या गुरुवारी आम्ही खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत मांडल्या, जुन्या कॅलेंडरची तिकिटं कापली, देवघरातली घंटा आणली. डबल बेल! गाडी सुटली. "वाघोली... कोरेगाव भीमा... शिक्रापूर... रांजणगाव..." शिरूर म्हणताच मागच्या बाकावरून एक आजी पिशवी घेऊन उठल्या. स्मृतिभ्रंशामुळे लेकीलाही न ओळखणाऱ्या. "कंडक्टर, थांबवा हो. माहेर आलं माझं."

आजोबांनी एक बेल दिली. "उतरा सावकाश, आक्का. गाडी दहा मिनिटं थांबणार आहे." आजी खिडकीपाशी बसल्या आणि घोडनदीवर धुणं धुवायला जायच्या ते सांगू लागल्या. सगळी गाडी ऐकत होती.

एसटीला लोक लाल डबा म्हणतात, ते मला मुळीच आवडत नाही. खेड्यापाड्यातल्या किती मुली तिच्यातूनच शाळेला गेल्या!

तर श्रोतेहो, आजी-आजोबांसाठी असा काही कार्यक्रम घ्यायचा असेल, तर आधी त्यांना विचारा. तुम्ही काय करत होतात, ते विचारा. कालचं जेवण आठवत नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीचे थांबे ओळीने आठवतात. मेथी निवडणं, वाती वळणं, हिशेब लिहिणं, ज्याच्या हाताला जे ठाऊक ते त्याच्या हातात द्या. माणसं आठ-दहाच घ्या, कमी ऐकू येणाऱ्याला पुढे बसवा. वेळ सकाळची ठेवा. स्मृतिभ्रंश असलेली पुष्कळ माणसं संध्याकाळी जास्त गोंधळतात. आणि पुन्हा सांगते, आधी विचारा.

परवा आजोबांनी मला चिठ्ठी दिली. पुढच्या गुरुवारची गाडी पंढरपूर. खाली लिहिलंय, खिडकीची जागा आक्कांना.