आपलेच दात, आपलेच ओठ

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च महिना आमच्याकडे कुरडयांचा. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्या घेऊन गच्चीवर बसायचं. हे एकटीचं काम नव्हे, शेजारपाजारच्या पाचसात जणी लागतातच. १२ मार्च २०२३, रविवार होता. आम्ही अशाच बसलो होतो आणि कुणाच्या तरी मोबाईलवर बातम्या चालू होत्या.

दिल्ली महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षा स्वाती मालीवाल यांनी आदल्या दिवशी एका कार्यक्रमात सांगितलं होतं की, लहानपणी वडिलांनीच आपलं लैंगिक शोषण केलं. वडील घरी आले की त्या भीतीने पलंगाखाली लपायच्या. वेणी धरून डोकं भिंतीवर आपटायचे, असंही त्या म्हणाल्या. त्याआधी थोडेच दिवस अभिनेत्री खुशबू सुंदर यांनीही आपल्या वडिलांबद्दल तेच सांगितलं होतं. तेव्हा एक आम आदमी पक्षाच्या बाजूची, दुसरी भाजपची. त्यामुळे एकीवर शंका घेणारे वेगळे, दुसरीवर घेणारे वेगळे. शंका मात्र दोन्हीकडे एकाच साच्यातून काढल्यासारख्या, आमच्या कुरडयांसारख्याच.

गच्चीवरही त्या शंका आल्याच. एक म्हणाली, "मेलेल्या बापाचे कशाला धिंडवडे काढायचे?" दुसरी म्हणाली, "राजकारणातल्या बायका त्या, मतलबाशिवाय बोलायच्या नाहीत." तिसरीला कुतूहल, "पण नेमकं केलं काय त्याने?" आणि मी, चार पुस्तकं वाचलेली म्हणून, समजूतदार सुरात म्हणाले, "खरं असेलही. पण सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. इतक्या वर्षांनी काय उपयोग?"

आमच्यातली एक जण काहीच बोलली नाही. ती सोऱ्या फिरवत होती. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"इतकी वर्षं गप्प का?" या प्रश्नाचं उत्तर खुशबूंनी न विचारता आधीच देऊन ठेवलं होतं. हे सुरू झालं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या आणि पंधराव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. मधली सात वर्षं धास्ती ही की, आई विश्वास ठेवणार नाही, कारण आईच्या लेखी नवरा म्हणजे देव. शिवाय आपण बोललो तर त्याचा राग आईवर आणि भावंडांवर निघेल. हे मुंबईतलं घर. ज्या वयात ही मुलगी हिंदी सिनेमात बालकलाकार म्हणून दिसू लागली, त्याच वयात घरी हे चाललं होतं. पुढे लोक धक्का बसला म्हणाले, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की लाज मला वाटायचं कारण नाही, ज्याने केलं त्याला वाटायला हवी.

स्वाती मालीवाल यांच्या बाबतीत लोकांनी आणखी एक उद्योग केला. मी फौजीची मुलगी, असं त्यांनी पूर्वी कधीतरी अभिमानाने लिहिलेलं शोधून काढलं आणि "बघा, खोटं बोलतेय" म्हणून फिरवलं. मला हे फार विचित्र वाटतं. बाहेरच्या गुंडाचा निव्वळ राग येऊ शकतो. घरातल्या माणसाचं तसं नसतं. तोच शाळेची फी भरतो, जत्रेत खांद्यावर बसवतो, ताप आला की रिक्षा करून दवाखान्यात नेतो. त्याच्याविषयी अभिमान आणि त्याच्या पावलांच्या आवाजाची भीती एकाच मुलीच्या पोटात असू शकते. आपल्याकडे म्हणतातच, आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं तरी तक्रार कोणाकडे करायची?

आणि हे दोन प्रसिद्ध बायकांपुरतंही नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला होता. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सोसला होता. मुलगेही त्यात होते, हे आपण सोयीने विसरतो. छळणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले. बहुतेक मुलांनी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

सांगितलं असतं तर? याचं उत्तर मला कॅनडात सापडतं. नोबेल मिळालेल्या कथालेखिका ॲलिस मन्रो मे २०२४ मध्ये वारल्या. जुलैमध्ये त्यांची मुलगी अँड्रिया स्किनर हिने वर्तमानपत्रात लिहिलं की, १९७६ साली ती नऊ वर्षांची असताना सावत्र बापाने तिच्यावर अत्याचार केला. आईवडील वेगळे झालेले, ती सुट्टीपुरती आईकडे जायची. आता बघा, या मुलीने लगेच सांगितलं होतं. सावत्र भावाला सांगितलं, त्याने त्याच्या आईला, तिने नवऱ्याला, म्हणजे मुलीच्या सख्ख्या वडिलांना. वडील गप्प बसले. पुढच्या उन्हाळ्यात पोरगी पुन्हा त्याच घरात गेली.

पंचविसाव्या वर्षी तिने आईला पत्र लिहिलं. आई काही महिने वेगळी राहिली, मग नवऱ्याकडे परतली आणि २०१३ मध्ये तो मरेपर्यंत त्याच्याबरोबरच राहिली. त्या माणसाने पत्रं लिहून उलट नऊ वर्षांच्या मुलीलाच घर फोडणारी ठरवलं. हा शब्द ऐकून मी थबकले, कारण तो आपल्याकडे मराठीतही जसाच्या तसा वापरला जातो. तीच पत्रं घेऊन अँड्रिया २००५ मध्ये पोलिसांकडे गेली. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. म्हणजे "पुरावा काय?" म्हणायलाही जागा उरली नव्हती. तरी पुढची एकोणीस वर्षं बाहेर कुठे वाच्यता नाही. लेखिकेच्या चरित्रकाराला माहीत होतं, त्याने ते चरित्रात घातलं नाही.

आणि २०२४ मध्ये शेवटी फुटलं, तेव्हा चर्चा कशाची झाली? आता त्यांच्या कथा वाचायच्या की नाही, याची. कपाटातल्या पुस्तकांचं काय करायचं, याची. लेकीला पुन्हा आईच्या सावलीतच उभं केलं.

कायद्याचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा आहे. करणारा नात्यातला असेल तर शिक्षा जास्त कडक आहे. मुलावर अत्याचार होतोय हे माहीत असून पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, त्यामुळे "घरातलं घरात मिटवू" म्हणणाऱ्या काकामामांनीही हे ऐकून ठेवावं. मूल अडचणीत असेल तर १०९८ हा नंबर रात्रीबेरात्रीही लागतो.

आता गच्चीवर काहीच न बोललेल्या त्या बाईंचं. त्यांना विचारूनच बोलते आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. दीड वर्षानंतर, पावसाळ्यातल्या एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. घरातल्याच एका मोठ्या माणसाबद्दल बोलल्या. चाळीस वर्षांपूर्वीचं होतं ते. मग म्हणाल्या, "ताई, त्या कुरडयांच्या दिवशी मी ठरवून आले होते. बातमी आदल्या रात्री ऐकलेली. म्हटलं, चीक शिजतोय तोवर तुम्हाला बाजूला घेऊन सांगावं. मग तुम्हीच म्हणालात, इतक्या वर्षांनी काय उपयोग. मी म्हटलं, बरं झालं, आधीच कळलं."

त्यांच्या बोलण्यात रागही नव्हता. मला काही सुचेना. मी उठून चहा ठेवला आणि साखर दोनदा घातली.

त्यानंतरच्या मार्चमध्ये आम्ही पुन्हा गच्चीवर बसलो. त्याही आल्या होत्या. बोलता बोलता कुठल्याशा मुलीच्या तक्रारीचा विषय निघाला आणि कुणीतरी म्हणालंच, "पण आताच का?" मी म्हटलं, "आत्ता जमलं असेल तिला. बोलू दे की." कुणी पुढे काही म्हणालं नाही. त्यांनी वर पाहिलं नाही, फक्त रिकामा झालेला सोऱ्या भरून घ्यायला माझ्यापुढे केला.

नमस्कार.