मेरी ब्रायंट आणि तिची दोन मुलं

श्रोतेहो, नमस्कार.

काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अंदमान येतं. पण अंदमानात १८५८ साली कैद्यांची वसाहत उभी राहिली, त्याच्या सत्तर वर्षं आधीपासून इंग्रज सरकार स्वतःच्याच देशातल्या गोरगरिबांना शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियात धाडत होतं. ऐंशी वर्षांत सुमारे १ लाख ६२ हजार माणसं गेली. त्यांत पंचवीसेक हजार बायका होत्या. त्यांतल्या एकीची हकिकत आज सांगायची आहे.

मेरी ही कॉर्नवॉलमधल्या फॉय या बंदरगावातली पोर. १७८६ साली तिनं आणखी दोघींबरोबर प्लिमथजवळ एका बाईला वाटेत अडवून लुटलं. लुटीत एक रेशमी टोपी होती. एवढ्यावर फाशी सुनावली गेली, मग ती बदलून सात वर्षं हद्दपारी झाली. वय असेल विशीच्या जरा पुढे.

‘शार्लट’ नावाच्या जहाजातून तिला नेलं. आठ महिन्यांच्या त्या प्रवासातच ती बाळंत झाली आणि मुलीला तिनं जहाजाचंच नाव ठेवलं. सिडनीत उतरल्यावर तिनं विल्यम ब्रायंट या कैद्याशी लग्न केलं. हा समुद्रावर वाढलेला गडी, त्यामुळे वसाहतीची मासेमारी त्याच्याकडे आली. पुढं चोरून मासे विकले म्हणून त्याला फटके बसले. त्यांचा मुलगा इमॅन्युएल जन्मला तेव्हा वसाहतीत उपासमार चालू होती. शिधा उतरत चालला होता आणि पेरलेलं नीट उगवत नव्हतं.

२८ मार्च १७९१ च्या रात्री गव्हर्नरची शिडाची होडी बंदरातून नाहीशी झाली. होडीत अकरा जण होते : विल्यम, मेरी, आणखी सात कैदी आणि ही दोन लेकरं. धाकटा जेमतेम वर्षाचा, थोरली साडेतीन वर्षांची. एका डच कप्तानाकडून होकायंत्र आणि नकाशा आधीच मिळवून ठेवला होता. किनाऱ्याकिनाऱ्यानं ते उत्तरेला निघाले. होडी गळायची, लाटा आत यायच्या, पाणी उपसत राहायचं. प्रवाळ बेटांवर कासवं सापडली, त्यांचं मांस वाळवून बरोबर घेतलं. एकोणसत्तर दिवसांत पाच हजारांहून अधिक किलोमीटर कापून ते तिमोर बेटावरच्या कुपांगला पोहोचले. अकराच्या अकरा जिवंत!

या धाडसाचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र पुढचा हिशेब जास्त अस्वस्थ करतो. जहाज फुटून वाचलेले प्रवासी म्हणून डचांनी त्यांना आधी आसरा दिला, पण काही आठवड्यांत बिंग फुटलं. मग इंग्रज आरमाराचा कप्तान एडवर्ड्स तिथं आला आणि त्यानं सगळ्यांना ताब्यात घेतलं. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डिसेंबरमध्ये आधी इमॅन्युएल तापानं गेला आणि तीन आठवड्यांनी विल्यम. पुढच्या वाटेत आणखी तिघे गेले. केपटाऊनहून इंग्लंडकडे निघालेल्या ‘गॉर्गन’ जहाजावर ६ मे १७९२ ला शार्लटही गेली. उघड्या होडीत, उपाशीपोटी, एकही जीव गेला नव्हता. सरकारच्या पहाऱ्यात अकरांपैकी सहा गेले. मेरीच्या नावापुढे शिक्षेची सात वर्षं लिहिली होती. मुलांच्या नावापुढे तर कसलाच गुन्हा नव्हता.

‘गॉर्गन’वर वॉटकिन टेंच हा अधिकारीही होता. ज्या ‘शार्लट’वर ही मुलगी जन्मली, त्यावरही तो होताच. या कैद्यांकडे आपण दयेनं आणि आश्चर्यानं बघत असू, असं त्यानं लिहून ठेवलंय. मेरीचं स्वतःचं मात्र एक अक्षर मागे नाही. जे कळतं ते कोर्टाच्या, कप्तानांच्या आणि सोबतच्या एका कैद्याच्या कागदांतून.

मेरीला लंडनच्या न्यूगेट तुरुंगात ठेवलं, तेव्हा जेम्स बॉस्वेल हा लेखक-वकील तिच्यासाठी उभा राहिला. मंत्र्यांकडे खेटे घालून त्यानं मे १७९३ मध्ये तिची माफी मिळवली. मेरीनं त्याला वाळलेल्या पानांची एक पुडी दिली. सिडनीच्या रानातली गोडसर पानं, कैदी त्यांचा चहा करून पीत. एवढ्या समुद्रांतून, एवढ्या मरणांतून तिनं ती जपून आणली होती. बॉस्वेलच्या कागदपत्रांत ती पुढं सापडली.

उरलेले चौघे त्याच वर्षी नोव्हेंबरात सुटले. त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, बॉस्वेलनं मेरीला फॉयच्या बोटीत बसवून दिलं होतं आणि वर्षाला दहा पौंड आपल्या खिशातून देण्याचं कबूल केलं होतं.

नमस्कार.