बर्फ नसताना उतरायचं

नमस्कार मंडळी. एवढा पाऊस कोसळतोय तरी हॉल भरलाय, मागं काकांना खुर्ची द्या कुणीतरी. विषय बोर्डावर लिहिलाय, 'स्कीइंगचा ऑफ-सीझन आणि सहा महिन्यांचा प्लॅन'. प्लॅन सांगणार आहे, नक्की सांगणार आहे, पण त्याआधी मला एक गोष्ट बोलायचीय जी गेली दोन-तीन वर्षं डोक्यात घोळतीय आणि साताऱ्यात ती ऐकून घेणारे लोक एका खोलीत एवढे आधी कधी मिळाले नव्हते.

मार्चमध्ये आपण परत येतो. गुलमर्ग म्हणा, सोलंग म्हणा, नारकंडा म्हणा. आठवडाभर घरच्यांना व्हिडिओ दाखवतो, घरचे कौतुकानं बघतात, दुसऱ्या आठवड्यात वहिनी म्हणतात आता पुरे. मग एप्रिल येतो. ऑफिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या नडगी पुढं दाबली जाते, जणू स्कीचे बूट घातलेत. जिना उतरताना वळणावर बाहेरच्या पायावर वजन जातं. इथं मान डोलावणारे बरेच दिसतायत, बरं वाटलं. हे सगळं खरं आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि 'चार दिवसांची हौस, डिसेंबरपर्यंत गप बसा की' असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपण ज्याला बर्फाची आठवण म्हणतो ती मुळात उतरण्याची आठवण असते. सांगतो कसं. मे महिन्यात रोहतांगला जाऊन भाड्याचा कोट घालून बर्फात फोटो काढून आलेला माणूस विचारा, स्कीइंगची तहान भागली का? नाही भागत. उलट कोपनहेगनला कचरा जाळून वीज करणारा कारखाना आहे, त्याच्या छपरावर 2019 पासून स्कीइंगचा उतार आहे, प्लास्टिकचा, त्यावर बर्फाचा कण नसला तरी लोक भर उन्हाळ्यात स्की घालून उतरतात. एडिनबर्गजवळ हिलेंडला तसाच कृत्रिम उतार कितीतरी वर्षं आहे, ब्रिटनमधले कितीतरी लोक स्कीइंग असल्याच उतारांवर शिकले. म्हणजे बर्फ काढून घेतला तरी खेळ उरतो, उतार काढून घेतला की काही उरत नाही. आणि उताराच्या बाबतीत साताऱ्यात राहणाऱ्या माणसानं तक्रार करायची म्हणजे कमाल झाली!

आता आपली खोड काय, तर आपण चढणारी माणसं. सकाळी अजिंक्यताऱ्यावर एवढी गर्दी असते, प्रत्येकजण प्रत्येकाला विचारतो, वर जायला किती मिनिटं लागली? उतरायला किती लागली आणि कसा उतरलास हे मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. आपली हिल मॅरेथॉन घ्या, 2012 पासून चालू आहे, यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं, म्हणजे निम्मी रेस उतरायची आहे, पण प्रॅक्टिसला जो तो चढावर, आणि मग सोमवारी जिन्याचा कठडा धरून आडवं उतरणारी मंडळी पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत दिसतात. डॉक्टर मंडळी इथं आहेत, चुकलो तर थांबवा. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू लांब होत होत वजन पेलतो, ब्रेकचं काम करतो. खंबाटकीत लोड गाडीचा ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये गाडी सोडतो ना, नुसता ब्रेक दाबून धरत नाही, तसं. त्यात दम कमी लागतो म्हणून आपल्याला वाटतं सोपं आहे, आणि दुखणं येतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पण गंमत अशी की एकदा तो मार खाल्ला की स्नायू शिकतो, पुढचे काही आठवडे त्याच कामानं तेवढा दुखत नाही. स्कीवर प्रत्येक वळणाला बाहेरचा पाय नेमकं हेच करत असतो. तर गुलमर्गला तिसऱ्या दिवशी ज्यांच्या मांड्या पेटतात त्यांनी घरी सहा महिने चढ मारलेला असतो आणि उतार फुकट घालवलेला असतो.

हे मला कुणी शिकवलं ते सांगतो, आणि इथं जरा वेळ जाईल, संयोजकांनी माफ करावं.

जानेवारी 2024. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी काश्मीरला पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन बर्फ पाडणारी हवा, आलेच नाहीत म्हणावं इतके कमी आले. डिसेंबर कोरडा, अर्धा जानेवारी कोरडा, गुलमर्गची मैदानं पिवळी पडलेली, टीव्हीवर पण आलं होतं. आम्ही साताऱ्या-कराडची मंडळी, बुकिंग सप्टेंबरमधलं. ज्यानं टूर नेली त्याचं नाव मी घेत नाही, पण त्यानं 'बर्फाची गॅरंटी' असं छापून दिलं होतं, पैसे पूर्ण आधी घेतले होते, आणि आम्ही निघायच्या चार दिवस आधी फोन केला तर म्हणाला, वर भरपूर आहे, या तुम्ही. वर म्हणजे कुठं वर? गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जातो, जवळपास 3,950 मीटरवर, तिथं वाऱ्यानं झाडून काढलेला थोडा बर्फ आणि मधे खडक, आणि आमच्यातले निम्मे पहिल्यांदा स्की घालणारे. नवशिक्याला तिथं न्यायचं म्हणजे पोहता न येणाऱ्याला कोयनेच्या धरणात सोडायचं. आम्ही म्हटलं पैसे परत द्या. तर म्हणाला हॉटेल तर वापरताय ना. मग म्हणाला पुढच्या वर्षी ॲडजस्ट करू. मग फोन उचलेना. आमच्यातल्या एका ताईंनी वर्षभर पैसे साठवले होते, घरी सासू-सासऱ्यांची समजूत घालून आल्या होत्या, त्या हॉटेलच्या पायरीवर बसून रडल्या, आणि हा माणूस संध्याकाळी आम्हाला शिकाऱ्यातून, म्हणजे तिथल्या नावेतून, फिरायचं पॅकेज विकायला आला. मला आजही त्याचा राग येतो. निसर्गाच्या हातात जे आहे त्याची गॅरंटी छापून माणसाला खोटी आशा विकणं याला मी फसवणूकच म्हणतो, आणि म्हणून इथल्या प्रत्येकाला सांगतो, बुकिंग करताना बर्फ नसेल तर काय, हे लेखी घ्या. लेखी. व्हॉट्सॲपवर का होईना.

पण त्याच ट्रिपमध्ये उस्ताद भेटले. गावातलेच, साठीचे, भाड्यानं स्की देणाऱ्या दुकानाबाहेर कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची शेगडी, फिरनखाली, त्यांच्या लांब झग्याखाली, धरून बसलेले. आमची तोंडं बघून म्हणाले, बूट घालो, चलो. बर्फ कुठाय विचारलं तर म्हणाले, उतराई तो है ना. आणि त्यांनी आम्हाला स्की न घालता, नुसते ते कडक बूट घालून, वाळलेल्या गवताच्या उतारावर नेलं. उताराला आडवं उभं राहायचं, बुटांच्या डोंगराकडच्या कडांवर. बूट वाकडा करायचा तर घोट्यातून, धड उताराच्या खालच्या बाजूला ठेवून. पहिल्यांदा कुणालाच उभं राहता येईना, बुटाची कड गवतात रुतायची नाही, माणूस सरळ खाली. मग त्यांनी हातातली काठी बुटाच्या जिभेवर टेकवली आणि सांगितलं, नडगी इथं दाबून ठेव, काठी पडली नाही पाहिजे. काठी पडायची. परत लावायचे. रागवायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या ताई, ज्या सकाळी रडत होत्या, त्या उतारावरून आडव्या-तिडव्या अशा उतरत होत्या की उस्ताद स्वतः टाळ्या वाजवत होते. आम्ही नेलेले सगळे कंदी पेढे त्यांना दिले, त्यांनी एक खाऊन बाकीचे पोरांना वाटले. जानेवारीच्या शेवटी बर्फ पडला, फेब्रुवारीत खेलो इंडियाचे खेळ पण झाले गुलमर्गला, आम्ही तोवर परत आलो होतो. पण पुढच्या सीझनला ताई पहिल्याच दिवशी नीट वळल्या. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

आणि हे एका वर्षाचं रडगाणं नाही. 2025 ला गुलमर्गच्या स्पर्धा बर्फाअभावी पुढं ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. उत्तराखंडातल्या औलीची रोपवे जोशीमठला जमीन खचल्यावर जानेवारी 2023 ला बंद झाली. सीझन आखडतोय, बेभरवशाचा होतोय. म्हणजे ऑफ-सीझन हाच आपला मोठा सीझन, तो उदास बसून काढायचा नसतो.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत म्हणे. बरं. प्लॅन. पटापट सांगतो, लिहून घ्या.

पावसाळा. आत्ता. घरी स्वतःच्या स्की असतील त्यांनी आज रात्रीच स्कीच्या पोलादी कडा बोटानं तपासा, साताऱ्याच्या हवेत आठवड्यात तांबूस ठिपके येतात. गंज घासायच्या रबरानं काढा, पुसा, कोरड्या करा आणि तळाला आणि कडांवर मेण जाड थापून ठेवा, खरवडायचं नाही, ते डिसेंबरमध्ये. बुटांचं आतलं अस्तर काढून वाळवा, बकल हलकी लावून ठेवा, माळ्यावर नाही तर कपाटात, बुरशी लागती. जुन्या बुटांचं प्लास्टिक दमट हवेत कुजतं आणि एका दिवशी तळ तुटतो, म्हणून दहा वर्षांपूर्वीचे कुणाचे फुकट मिळाले तरी आधी वाकवून बघा.

शरीराचं. बैठका तालमीतल्याच, फक्त खाली जाताना मनात चार आकडे मोजा आणि वर एका आकड्यात या. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसा. दात घासताना एका पायावर. मांडीच्या मागच्या स्नायूंना विसरू नका, स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त दुखापत गुडघ्याला होते आणि त्याला मागून धरणारे तेच. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी डॉक्टरांना विचारून.

आणि उतार. आठवड्यातून दोनदा, जास्त नाही, सुरुवातीला अगदी थोडा. पाऊस उघडला की डोंगरउतारावर पाणी कुठून वाहिलं ते बघा, ती ओहळाची रेघ म्हणजे आपली फॉल लाइन, सरळ खाली जायची सगळ्यात तीव्र वाट, उस्तादांनी दाखवली होती तीच. तिला ओलांडत डावी-उजवी वळणं घेत उतरा, हातात बांबूच्या दोन काठ्या, नजर पुढच्या दोन वळणांवर. शेवाळावर नाही, कातळावर नाही. ऑक्टोबरपासून जमलं तर इनलाइन स्केट्स, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले, हेल्मेट आणि गुडघ्याचे पॅड घालून, सपाट मैदानावर. घाटरस्त्यावर कुणी स्केट्स घालून दिसला तर मी स्वतः खाली उतरवीन.

व्हिडिओ बघणं बंद करा म्हणत नाही, पण दुसऱ्याचे उड्या मारतानाचे बघून तळमळ वाढते. स्वतःचा मार्चमधला बघा, आवाज बंद करून, आणि फक्त बाहेरच्या पायाकडं. पुढं काय सुधारायचं ते त्यात दिसतं. पैसे असतील तर जून ते सप्टेंबर चिली किंवा न्यूझीलंडला सीझन असतो, नसतील तर दुबईला 2005 पासून मॉलमध्ये बर्फ आहे, पण तो उतार लहान, दोन दिवसांत संपतो, मी त्यासाठी कर्ज काढा म्हणणार नाही.

बुकिंगचं बोललोच आहे. एक प्रश्न घेतो, त्या पोराचा हात मघापासून वर आहे. बूट नसतील तर चालेल का? चालेल, घोट्यापर्यंतचे ट्रेकिंगचे बूट असतील तर उत्तम, नसतील तर साधे, चप्पल सोडून काहीही. रविवारी सकाळी सहाला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला जमतोय, वर चालत जायचं, घाई नाही, शिकवणी खाली येताना. बांबूच्या काठ्या मी आणतोय, उंचीप्रमाणं कापायला करवत कुणीतरी आणा.