खाणीचा पैसा कुणाचा?

(दृश्य: डिचोली तालुका. पाण्याने भरलेला खाणीचा खड्डा.)

या पाण्याच्या जागी एकेकाळी ट्रकची रांग होती. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथलं लोहखनिज मांडवी-झुआरीतल्या बार्जमधून बंदरावर जायचं आणि तिथून बहुतांश चीनला. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर गेलं.

(दृश्य: शिरगावातली विहीर.)

खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यात झिरपणारं पाणी सतत उपसावं लागतं, आणि शेजारच्या विहिरी आटतात. शिरगावकरांनी हे भोगलंय. पावसात टाकाऊ मातीचे ढीग वाहतात, लाल गाळ भातशेतीत बसतो. उन्हात तो विटेसारखा कडक होतो. त्यात रोप तगणार कसं?

२०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकामाला परवानगी दिली, पण वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून. शिवाय विक्रीच्या रकमेतले दहा टक्के एका कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले, पुढच्या पिढ्यांसाठी. आमच्या मते या निकालातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. जमिनीतलं खनिज हे मुद्दल आहे. ते विकून आलेला पैसा उत्पन्न म्हणून उडवला, तर नातवंडांच्या वाट्याला फक्त खड्डे. बोत्सवानाने हिऱ्यांच्या पैशातून १९९४ मध्येच असा निधी उभारला होता.

(दृश्य: पवनचक्क्या.)

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा हरित रोखे विकले, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज घेतलं, ८,००० कोटी रुपयांचं. हा पैसा सौर, पवनऊर्जा अशा कामांसाठी. पण पवनचक्कीचा मनोरा पोलादाचा, आणि पोलाद येतं खाणीतून. पैसा कुठे खर्च झाला हे गुंतवणूकदार विचारतो. मग खनिज कुठून आणि कसं आलं, हेही त्याने विचारायला हवं.

जगात सर्वाधिक तांबं काढणाऱ्या चिलीने मार्च २०२२ मध्ये दोन अब्ज डॉलरचे रोखे काढले. हरितगृह वायू कमी करण्याचं आणि स्वच्छ विजेचं उद्दिष्ट हुकलं, तर सरकारला जास्त व्याज भरावं लागेल, अशी त्यात अट आहे. खाणीच्या कर्जालाही अशी अट घालता येईल: गावच्या विहिरीची पातळी घसरली की व्याजदर वर.

२०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. २०२२ पासून गोव्यात लिलाव सुरू झालेत. नव्या खाणींना बँका कर्ज देतील, तेव्हा विहिरींच्या नोंदी आणि खाण बंद करण्याच्या खर्चाची तरतूद करारातच हवी, पहिला ट्रक भरण्याआधी.